कावळा शिवण्याआधी

रावपुऱ्यात, वह्यांच्या दुकानावर माझा दवाखाना.
जिना अरुंद. बायका एकेकट्या चढतात,
नवरा आलाच तर मागून, मोबाइल बघत.

त्या चार दिवसांना आपल्याकडे शब्द कमी नाहीत:
पाळी, अडचण, बाहेरची, कावळा शिवला.
इथल्या बायका म्हणतात, दूर बेठी छे.
पण त्याआधीच्या आठवड्याला?
शिवण्याआधी कावळा
कुठल्या तारेवर बसून असतो,
ते कुणी विचारलं नाही.
माझ्या पुस्तकातही ते दीड पानच होतं,
परीक्षेला न येणारं.

फाल्गुनी मजमुदार आली ती अशीच, शब्दावाचून.
बँकेत कॅश मोजते.
म्हणाली, महिन्यातून एकदा नोटा चुकायला लागतात,
मग घरी एखादं ताट भिंतीवर जातं,
वाढलेलं.
नवरा म्हणाला, "एकदा कसलं, डॉक्टर? रोजचंच आहे."

मी खालून शंभर पानी वही मागवली.
रकाने आखले: झोप. रडू. राग. छाती जड. पोट.
शून्य ते तीन.
आठवून भरायचं नाही. त्याच रात्री,
दिवा मालवण्याआधी.
दोन पाळ्या होऊ देत, मग बोलू.
"म्हणजे आज औषध नाही?"
आज फक्त पट्टी आणि पेन्सिल.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवात, पाटी नवी असताना,
एका मुलीला मी सांगितलं होतं,
लग्न झालं की बरं होतं.
तिनं मान हलवली होती.
नाव आठवत नाही.
ओढणीचा रंग आठवतो, शेवाळी.

वही परत आली हळदीचा डाग घेऊन.
पाळीच्या आठ दिवस आधीपासून
चोचीनं टोचावेत तसे आकडे,
दोन, तीन, तीन, तीन,
आणि दुसऱ्या दिवशी नळ बंद केल्यासारखे थांबलेले.
पुढे बारा चौकटी मोकळ्या.
तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं, कॅश मोजल्यासारखं.
"एवढी शून्यं? ही मीच का?"
तिनांपाशी नाही, ती रडली तिथे.
नवरा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

शेवटचा रकाना मी आखलेला नव्हता.
तिच्याच अक्षरात: दार.
म्हणजे काय?
"चप्पल घालून दाराशी उभी राहिले, ते किती वेळा."

गोळी लिहिली, छोटी. पाळीआधीचे चौदा दिवस, मग बंद.
कॅल्शियम. रात्रीचा चहा नको.
सकाळी कमाटीबागेत दोन फेऱ्या,
जमेल त्या वेगानं, कुणाचा डबा न आठवता.
नवऱ्यानं विचारलं,
"मग त्या दिवसांत ती बोलते ते खरं नसतंच ना?"
बोलते ते खरंच असतं, मी म्हणाले.
रेडिओचा आवाज तेवढा वाढलेला असतो,
बातमी तीच.
त्यानं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

चौथ्या महिन्यात ती एकटीच आली.
तिनांची एक झालेली, कुठे कुठे दोन.
नोटा बरोबर. ताटं शाबूत.
राग अजून आहे म्हणाली, पण आता येताना खाकरतो.
दाराचा रकाना: शून्य, शून्य, शून्य,
आणि नवव्या दिवशी,
बाकी सगळं स्वच्छ असताना,
एक.

मी पेन उचललं.
"ते राहू द्या, बेन. त्या दिवशी मी शांत होते.
नीट विचार करून उभी होते."

खाली दुकानदार शटर ओढत होता, जेवायला जायची वेळ.
मी त्या चौकटीपुढे काही लिहिलं नाही.
पुढची तारीख दिली, आणि नवी वही.
या वेळी रकाने
तिलाच आखू दिले.